वणव्यापुढचा माणूस

मालवणचे नाव काढले की समुद्र डोळ्यांपुढे येतो. पण बंदर मागे टाकून कट्टा-कसालच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात जांभ्या कातळाचे सडे सुरू होतात. पावसाळ्यात ते रानफुलांनी भरतात. दिवाळी सरली की गवत पिवळे पडते आणि संक्रांतीनंतर वाऱ्यावर वाजू लागते. सड्याच्या उतारावर काजू, त्याखाली आंब्याची कलमे, त्याखाली घरे. जानेवारीपासून मेपर्यंत या पट्ट्यात कुठे ना कुठे वणवा लागतोच. वर्तमानपत्रात त्याच्या दोन ओळी येतात : अमुक गावी काजूची बाग होरपळली, ग्रामस्थांनी शर्थीचे प्रयत्न करून आग आटोक्यात आणली. ते शर्थीचे प्रयत्न कोणी केले, त्याच्या पायात काय होते, हातात काय होते, हे त्या दोन ओळींत येत नाही. मला त्याविषयीच लिहायचे आहे.

पुढे बोलणारी दोन माणसे मी रचलेली आहेत. मामा काजू बागायतदार, साठी ओलांडलेले, सड्याखालच्या वाडीत राहणारे. भाचा वनरक्षक. त्यांचा वाद मात्र रचलेला नाही. मार्च महिन्यात तो या भागात कुठल्याही ओटीवर ऐकू येईल. दोघे बोलतात मालवणीच. भाच्याचे बोलणे मी पुस्तकी मराठीत आणले आहे, कारण त्याच्या बोलण्यात खात्याचे शब्द फार. मामांचे तसेच ठेवले आहे.

भाचा : मामा, परवा तुम्ही आगीत शिरलात ते मला अजिबात आवडले नाही. पायात स्लीपर, अंगात नायलॉनचा शर्ट. त्यावर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटते. सुती असता तर नुसते भोक पडले असते.

मामा : आणि तुजी गाडी येईसर आमी काय बघीत रवाचा? बापाशीन लायलेली काजी आसत थंय.

भाचा : फोन केला असतात तर...

मामा : केललो. पण आग कोणाची वाट बघणा नाय रे झिला.

मामांचे हे म्हणणे खोडून काढता येत नाही. एका वनरक्षकाकडे कित्येक गावांचे क्षेत्र असते. खात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, गाडी आहे, हंगामी फायर वॉचर आहेत. पण गाडी सड्यावर चढत नाही. पाणंदीच्या तोंडाशी ती उभी करून पुढे चालतच जावे लागते. दुपारचा वारा पाठीशी असलेली गवताची आग तोवर उतार खाऊन मोकळी होते. चढाच्या दिशेने तर ती आणखी पळते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे.

भाच्याच्या मोबाइलवर देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे संदेश येतात. उपग्रहाने पाहिलेली आग, तिचे अक्षांश-रेखांश, कोणत्या बीटात ती आहे, एवढे सगळे. ही सोय मोठी आहे यात वाद नाही. मात्र ज्या उपग्रहांवरचे उपकरण ३७५ मीटरच्या चौकटीत आग टिपते, ते आपल्या डोक्यावरून जातात दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. तीनला लागून पाचला विझलेली गवताची आग त्यांच्या हिशोबात येतच नाही. ती पाहतात मामा. धूर पांढुरका आणि लगेच विरणारा असेल तर गवत जळते आहे. काळपट, जड धूर उठला तर आग काजूत शिरली. काजूच्या टरफलात तेल असते, झाडाखालचा पातेरा लवकर कुजत नाही, आणि ज्वाला बुंध्यापाशीच राहिल्या तरी नुसत्या धगीने वरचा मोहोर आणि पाला करपतो. त्या वर्षीचे पीक तर जातेच. झाड वाचले की नाही, ते पावसानंतर कळते.

भाचा : मला तुमची कळकळ कळते. पण विझवायचे ते पद्धतीने. तुम्ही थेट आगीच्या तोंडावर गेलात.

मामा : तोंडार नाय. बाजून. माका शिकयतंस?

इथे मामांची पद्धत जरा जवळून पाहिली पाहिजे, कारण तिला कोणी पद्धत म्हणत नाही. आधी ओल्या, दाट पानांचा टाळ तोडायचा. सुरुवात करायची ती जिथे आग मागे फिरू शकत नाही अशा जागेवरून : उघडा कातळ, गडगा, व्हाळ, नाहीतर पायवाट. तिथून आगीच्या कडेकडेने पुढे सरकायचे आणि तिचे तोंड अरुंद करत न्यायचे. टाळ डोक्यावर उचलून आपटायचा नाही. आपटला की ठिणग्या पुढच्या गवतात. तो ज्वाळेच्या बुडाशी दाबायचा आणि जळलेल्या बाजूला ओढायचा. धग अशी असते की मिनिटा-दोन मिनिटांत माणसाला मागे व्हावे लागते. म्हणून तिघे एकामागे एक. पुढचा मागे येतो, मधला पुढे सरकतो, मागचा राहिलेली धुगधुग मारत येतो. हे कोणी मोठ्याने सांगत नाही, तरी ते तसेच होत जाते.

भाच्याच्या खात्यात आता ब्लोअर आले आहेत, पाठीवर किंवा हातात धरायची पाला उडवणारी यंत्रे. एरवी ती जाळरेषेवरचा पाला उडवायला वापरतात. जमिनीवरची आग त्यांच्या झोताने जळलेल्या बाजूला लोटताही येते. पहिला ज्वाळ मोडतो, दुसरा मागचे निखारे उडवतो, तिसरा दाताळ्याने कडा साफ करत येतो. टाळाची आणि ब्लोअरची रांग शेजारी ठेवून पाहिली तर एकच आहे. फरक एवढाच की ब्लोअरमध्ये पेट्रोल असते आणि ते भरायला आगीपासून लांब जायची शिस्त लागते.

भाचा : ठीक, कडेने गेलात. पण तोंडाला ओला पंचा कशाला? धगीने त्याची वाफ होते आणि ती तुम्ही आत ओढता. कोरडा सुती फडका बांधायचा. आणि मागे फिरायची वाट कोणती, ते ठरवले होते?

मामा : जळलेल्यात. जळलेला परत जळणा नाय.

या उत्तरावर भाचा गप्प झाला, आणि त्याचे कारण आहे. जगभरच्या वणवा पथकांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात : एक पाय काळ्या जमिनीत ठेवा. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मान गल्च नावाच्या घळीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी गवताच्या आगीने एका पथकाला चढावर गाठले. पथकाचा म्होरक्या वॅग्नर डॉज याने पळणे थांबवले, आपल्या पुढचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या राखेत तो पालथा पडला. मागून आलेली आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. त्याने सोबत्यांना हाका मारल्या, पण समोर आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असणार. ते चढावर पळत राहिले. तेरा जण गेले. डॉजला हे कोणी शिकवलेले नव्हते, त्या क्षणी सुचले. कोकणात आगीला आग लावणे जुनेच आहे. मामांच्या वडिलांच्या पिढीला ते येत होते.

भाचा : येत होते, मान्य. पण ती आग लावायची केव्हा हे ज्याला कळते त्यानेच लावावी. दुपारी वारा समुद्रावरून येतो. सांज झाली की पडतो, आणि रात्री जमिनीकडून सुटतो. त्या मधल्या वेळेत लावलेली उलटी आग कुठे जाईल याचा नेम नाही. शेजाऱ्याच्या कलमांत गेली तर?

मामा : वारो माका ठावक आसा.

भाचा : तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मागून टाळ घेऊन धावणाऱ्या विशीतल्या पोराला? नागझिऱ्याला काय झाले ते माहीत आहे ना?

गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात एप्रिल २०२१ मध्ये वणवा विझवताना तीन वनमजूर जळून गेले. दोघे गंभीर भाजले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात खात्याचे तीन राखणदार असेच गेले होते. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या पथकातले चौघे तिथेच मरण पावले, बाकीचे भाजले. या तिन्ही ठिकाणी मरणाऱ्यांत रोजंदारीवरची, हंगामापुरती घेतलेली माणसे होती. आगीच्या सर्वांत जवळ उभा असतो तो खात्याच्या उतरंडीत सर्वांत खालचा असतो, हे महाराष्ट्रापुरते नाही.

मामा : ते तर तुज्याच खात्याचे व्हते. तेंच्याकडे हत्यारा व्हती, साहेब व्हते. तरी मेले. मगे माका शिकान काय उपेग?

भाचा : उपयोग आहे. अशा ठिकाणी एक माणूस वर, उघड्या कातळावर ठेवायचा. त्याने आग विझवायची नाही. फक्त वारा, धूर आणि आपली माणसे बघायची आणि वेळेवर ओरडायचे. मागे फिरायच्या दोन वाटा आधी दाखवायच्या. एवढे केले तरी पुष्कळ जीव वाचतात.

मामा : गावात आसत कोण? मी, धाकटो भाव, दोन बायलमाणसा आणि बागेतलो नेपाळी. पोरगे मुंबैक. तेतलो एक बघूक उभो करू? मगे विझवतलो कोण?

या प्रश्नापाशी दोघांचाही वाद अडतो, आणि मला वाटते खरा विषय इथेच आहे. शास्त्र सांगते की पाच जणांतला एक नुसता पाहायला ठेवा. गावात पाच जणच उरले आहेत. चाकरमानी शिमग्याला येतात, मेमध्ये येतात. वणवा मधल्या आठवड्यांत येतो. पूर्वी सड्यावर गुरे चरत, छपरासाठी आणि वैरणीसाठी गवत कापून नेत. आता गुरे कमी झाली, घरांवर कौले आणि पत्रे आले, आणि गवत जागच्या जागी वाळून उभे राहते. जळायला माल वाढला आणि विझवायला माणसे घटली. वणव्याची कारणे सांगताना विडीचे थोटूक, पातेऱ्याला लावलेली काडी, डुकरामागे लागलेला शिकारी, वीजतारांची ठिणगी ही नावे घेतली जातात, आणि ती खरीही आहेत. पण ठिणगी पूर्वीही पडत होती. ती इतकी लांब जात नव्हती.

आणि तो बागेतला नेपाळी. देवगड-मालवणच्या कलमांच्या बागा हंगामभर ज्यांच्या भरवशावर असतात ती ही कुटुंबे. बागेतल्याच खोपीत राहणारी, रात्री माकडे आणि चोर हाकणारी. आग आधी त्यांना दिसते आणि ती आधी त्यांच्या खोपीपाशी येते. ‘ग्रामस्थांनी आग आटोक्यात आणली’ या ओळीत त्यांची गणती ग्रामस्थांत होते का, हे मला पुष्कळदा विचारावेसे वाटते.

भाचा : मामा, आग लागल्यावरची ही सगळी धावपळ. खरे काम त्याआधीचे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमच्याकडे आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा झाल्या पाहिजेत. गवत कापायचे, पट्टा स्वच्छ करायचा, कडेने माणसे उभी करून त्यातले जाळून काढायचे.

मामा : म्हणजे तू जाळलंस ती रेषा, आणि मी जाळलंय तो गुन्हो?

भाचा : राखीव वनात काडी लावली तर १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हाच आहे. तुमचा सडा खासगी, तिथली गोष्ट वेगळी. पण तुम्ही रेषा नाही जाळत. तुम्ही आख्खा सडा जाळता.

मामा : डिसेंबरात दंव आसता. सकाळची लावली तर आग दोन पावला चालता आणि विजता. तेवाच थोडो थोडो भाजलो तर मार्चात पेटणा नाय.

मला या ठिकाणी मामांची अर्धी बाजू पटते. थंडीत, दंव असताना, माणसे हाताशी ठेवून लावलेली हलकी आग मार्चमधल्या मोठ्या आगीचे खाद्य काढून घेते, हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि आता तिथले सरकारही ते त्यांच्याकडून शिकते आहे. पण आख्खा सडा दरवर्षी भाजायचा याला माझा विरोध आहे. सडा ओसाड नसतो. कातळाच्या खळग्यांत पावसाळ्यात उगवणाऱ्या कित्येक वनस्पती या पश्चिम पट्ट्याबाहेर कुठेच नाहीत. लाव्यांची आणि टिटव्यांची घरटी जमिनीवरच असतात, आणि खवले मांजरासारखा प्राणी आगीपुढे पळू शकत नाही. दरवर्षी जळणाऱ्या जमिनीवर शेवटी आगीला सोसणारे गवतच तेवढे उरते आणि झाडाची नवी रोपे मरतात. म्हणजे जळण वाढतच जाते. मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत; २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांसोबत त्यांचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. ज्या सड्यावर माणसाने इतक्या जुन्या काळी खुणा कोरून ठेवल्या, तो रिकामा म्हणून पेटवायचा, हे मनाला पटत नाही.

रेषा मात्र हवी. आणि ती खात्याच्या हद्दीतच संपली तर तिचा उपयोग नाही. सिंधुदुर्गात रानाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे, सातबारावर डझनभर नावे, त्यातली निम्मी मुंबईत. आगीला गट क्रमांक कळत नाहीत. गडगा ते कातळ, कातळ ते व्हाळ, अशी जिथे निसर्गानेच निम्मी रेषा आखली आहे तिथे मधली तुटक जागा साफ केली तरी उरलेले काम थोडेच राहते. हे रोजगार हमीत बसवा, गावाच्या वनसमितीकडे द्या, कसेही करा. पण डिसेंबर-जानेवारीत मजुरी देऊन करा.

हेलिकॉप्टरची आशा सोडलेली बरी. मार्च २०२३ मध्ये आपल्या दोडामार्गाला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरीत, म्हादई अभयारण्यात, आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बादलीने पाणी ओतत होती. त्यांची चित्रे सर्वांनी पाहिली. पण वरून पाणी पडले तरी पातेऱ्याखाली निखारा राहतोच, आणि तो शोधायला त्या उतारांवर वनकर्मचारी आणि गावकरी पायीच चढले. आग दिसेनाशी झाली म्हणजे विझली असे नाही. वठलेल्या खोडात, वारुळाच्या कुशीत, वाळक्या शेणात ती रात्रभर जिवंत राहते आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की पुन्हा उठते. म्हणून हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन, ऊब लागते का पाहत, सगळी कड चालायची असते. मामा हे काम संध्याकाळी एकटे करतात. त्या दिवशी ते रात्री उशिरा घरी आले तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांवरचे केस जळलेले होते.

भाचा : कायद्यात एक कलम आहे मामा, ७९. राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी आगीची खबर दिली पाहिजे, ती विझवायला हातभार लावला पाहिजे. न लावल्यास महिन्याची कैद किंवा दोनशे रुपये दंड.

मामा : बरा. तां कलम माका आगीत जा म्हणता. भाजलंय तर बघतलो कोण, तां तेतुर आसा?

नाही. भाच्याने तसे स्पष्ट सांगितले. फळपीक विम्याचे निकषही पाऊस, तापमान, वारा यांचे. वणवा त्यांत बसत नाही. काजूचा विमा नाही आणि काजू वाचवणाऱ्याचाही नाही. वणवा विझवणे हे कौशल्याचे काम आहे, ते अंगमेहनतीचे आणि जिवावरचे आहे, आणि तरी ते आजवर आपण ‘धावून जाणे’ या सदरात टाकून दिले आहे. धावून जाणाऱ्याचे आपण कौतुक करतो, पण त्याला बूट द्यायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. गावात दहा जोड चामड्याचे बूट, दहा सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट, दोन ब्लोअर, पाण्याचे कॅन, आणि आगीच्या दिवशी कामावर असलेल्या प्रत्येकाचा अपघात विमा : याला किती पैसे लागतील? एका जळालेल्या बागेच्या किमतीत ते बसावे.

भाचा यादी करायला बसला. गावातल्या विझवणाऱ्यांची नावे, फोन, रक्तगट, कोणाकडे ब्लोअर, कोणाला दम्याचा त्रास, कातळावर उभे राहून कोण बघणार. दम्याच्या रकान्यापुढे मामांचे नाव आले आणि बघण्याचे काम त्यांच्याकडेच गेले. मामांनी बराच वेळ कुरकुर केली. मग म्हणाले, बघीन, पण टाळ हातात ठेवीन.

मामा : नेपाळ्याचा नाव पयला घाल.

भाचा : घालतो. पण त्याचा इथला पत्ता?

मामा : माजी बाग. आणि आगीच्या दिसाची मजुरी कोण देतलो, तां लिव.

भाचा : ती कोणत्या लेखाशीर्षाखाली पडेल ते मला वर विचारावे लागेल.

मामा : इचार. संक्रांतीच्या आदी इचार.